सोनहंस विरुद्ध भांडार

शनिवार, ४ ऑक्टोबर १९८६. सकाळी ६ वाजून १० मिनिटे.
मोरीत चहा ओतत होतो. अर्धा कप. वहिनीने पाहिले. पाहू दे. मुद्दाम ती बघत असतानाच ओतला.

हा चहा नव्हे. हे गोणपाट उकळलेले पाणी आहे. जूनपासून सहन करतो आहे. खाली रस्त्याला ते उपनगर ग्राहक भांडार उघडले आणि आमच्या खोलीची वाट लागली. चहा भांडारचा, बेसन भांडारचे, हळद भांडारची, कपड्याची पावडर भांडारची. सगळे खाकी पुडीत आणि वर निळा शिक्का. पुडीवर ‘हळद’ शब्द चुकीचा छापला आहे. ज्यांना हळद लिहिता येत नाही ते ती दळणार काय?

मी स्वतः सोनहंस कंपनीच्या मालात काम करतो. (म्हणजे कंपनीचे घाटकोपरचे जे स्टॉकिस्ट शेठ आहेत, त्यांच्या गोडाऊनमध्ये.) दिवसभर हातातून सोनहंस चहा, सोनहंस वनस्पती तूप, सोनहंस पावडर जाते, आणि घरी येऊन हे प्यायचे. महिन्याला जेवणाचे दीडशे रुपये मोजतो. फुकट खात नाही.

निश्चय: प्रत्येक वस्तूची शास्त्रीय टेस्ट घ्यायची. रिझल्ट दादासमोर ठेवायचा. दिवाळीचा फराळ सोनहंसमध्येच झाला पाहिजे. नाही झाला तर मी वेगळी चूल मांडणार. हे वहिनीला अजून माहीत नाही. कळेल तेव्हा पाय धरील.

रविवार, ५ ऑक्टोबर. दुपारी.
टेस्ट नं. १: कपड्याची पावडर. दोन बनियन, दोन बादल्या. एकीत भांडार, दुसरीत सोनहंस (गोडाऊनमध्ये पाकीट फुटले होते त्यातली. चोरी नाही). अर्धा तास भिजत. सोनहंसचा बनियन स्पष्टपणे जास्त पांढरा.

वहिनी म्हणाली, तो बनियन गणपतीत घेतलेला, दुसरा दोन वर्षांपूर्वीचा. हा मुद्दा मी विचारात घेतलेला नाही, कारण त्यामुळे रिझल्ट बिघडतो.

नंतर पाण्यावरून तमाशा. आमच्या भटवाडीत नळ पहाटे तासभर येतो आणि मी दोन बादल्या टेस्टला वापरल्या. शेजारच्या सोनूबाईने दारातूनच विचारले, काय गं जानकी, तुझा दीर लाँड्री काढतो की काय? वहिनी म्हणाली, काढूंदे, निदान स्वतःचे कपडे तरी धुतलेन.
दोघी हसल्या. नोंद करून ठेवतो.

शुक्रवार, १० ऑक्टोबर. रात्री.
कामावरून सुटून थेट भांडारात गेलो. शत्रूचा तळ पाहिला पाहिजे. पंखा नाही. भिंतीवर सहकाराचे बोधवाक्य, त्याच्याखाली उंदराचा पिंजरा. रांग बाहेरच्या गटारापर्यंत.

काउंटरवर खंडू नावाचा माणूस आहे. त्याला शांतपणे विचारले की हे बेसन कुठून येते? तो म्हणाला, चण्यातून. मी म्हटले, कुठल्या चण्यातून, कुठली गिरणी, कोणता दर्जा? तो म्हणाला, मेंबर आहेस का? मी नाही म्हटले. तो म्हणाला, मग पुढे सरक ना यार, मागे बायका उभ्या आहेत, त्यांच्या घरी माणसं जेवायची आहेत. मी तक्रारपेटी कुठे आहे विचारले. त्याने बोट दाखवले. पेटीवर मोठे कुलूप आणि कुलपावर गंज. चिठ्ठी टाकली. आत पडल्याचा आवाज आला नाही. गच्च भरली असणार.

मागच्या बाईने विचारले, तुम्ही जानकीचे दीर ना? चहा ओततात ते?
म्हणजे सगळ्या वाडीत बभ्रा झाला आहे. घरातली गोष्ट बाहेर नेणाऱ्या बाईच्या हातचा फराळ खायचा?

शनिवार, ११ ऑक्टोबर. दुपारी ३.
गोडाऊन अर्धा दिवस. वहिनी दसऱ्याच्या सामानासाठी भांडाराच्या रांगेत. घरात मी आणि झोपलेला दादा. आणि आज एक भयंकर शोध लागला.

वरच्या फळीवर, देवाच्या तसबिरीच्या बाजूला, सोनहंस चहाचा पिवळा डबा आहे! हंसाचे चित्र, लाल अक्षरे, अस्सल. हा डबा मी वर्षानुवर्षे पाहतो आहे, पण त्याचा अर्थ आज लागला. पाहुणे आले की वहिनी हाच डबा खाली घेते. मागे दादाच्या कंपनीतले सुपरवायझर आले होते तेव्हाही ह्यातूनच चहा केला होता, आणि त्यांनी दुसरा कप मागितला होता. म्हणजे बाहेरच्यांना सोनहंस आणि घरच्यांना खाकी पुडी! दीडशे रुपये देणाऱ्याला गोणपाट!

लगेच टेस्ट नं. २ घेतली. डब्यातल्या चहाचा एक कप, पुडीतल्याचा एक कप. पाणी, साखर, दूध सारखे.

डबा: रंग तांबूस, वास मंद व खानदानी, प्यायल्यावर तरतरी.
पुडी: रंग गढूळ, वास बारदानाचा, प्यायल्यावर निराशा.

फरक इतका मोठा की आंधळ्यालाही कळावा. म्हणून दादाला उठवले आणि डोळ्यांवर टॉवेल बांधला. दादा रात्रपाळीचा वॉचमन आहे, मुलुंडच्या एका कारखान्यात. संपानंतर मिलने परत घेतले नाही तेव्हापासून. त्याने दोन्ही कप प्यायले आणि म्हणाला, दोन्ही गरम आहेत. मी म्हटले, पण दादा, क्वालिटी? तो म्हणाला, चंदू, रात्रभर उभा होतो रे, आणि टॉवेल न सोडता पुन्हा आडवा झाला.
दादाचे मत बाद धरले आहे.

बुधवार, १५ ऑक्टोबर. रात्री ९.
आज फैसला केला.

जेवणे झाल्यावर, दादा ड्युटीवर निघायच्या आत, उभा राहून सर्व टेस्टचे रिझल्ट वाचून दाखवले. पावडर, चहा, बेसन (वास घेऊन), हळद (बोट लावून). शेवटी म्हटले की ह्या घरात एक तर सोनहंस येईल, नाही तर मी वेगळी चूल मांडीन.

वाटले होते रडेल. निदान लोक काय म्हणतील असे तरी म्हणेल.
वहिनीने विचारले, कधीपासून?

वहिनी रागावली की मालवणीत बोलते. शुद्ध मराठीत बोलली की समजावे, तिचे आधीच ठरले आहे. हे शुद्ध होते.

दादा म्हणाला, चंदू, अरे मिल असती तर मीच आणला असता तुझा हंस. पुडीमागे रुपया वाचतो तो काय ती अंगावर घालते? आमची चर्चा क्वालिटीवर होती, त्यामुळे हे मत नोंदीत घेतलेले नाही.

मी म्हटले, उद्यापासून. वहिनीने ट्रंकेतून पंचाहत्तर रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. अर्ध्या महिन्याचे परत. मोजून घेतले. बरोबर होते.

वाटणीला सोनूबाईला बोलावले. मी स्पष्ट सांगितले, मला भांडी नकोत, धान्य नको. फक्त सोनहंसचे डबे हवेत. चहाचा, आणि त्याच फळीवरचे वनस्पतीचा व पावडरचा. वाटले होते ह्यावर खरी मारामारी होईल. वहिनीने एका शब्दाने वाद न घालता तिन्ही डबे भरलेले खाली काढून दिले. वर पदराने पुसले. सोनूबाईला अचानक खोकला आला आणि ती बाहेर गेली.

संपूर्ण विजय. मूर्ख बाई. घरातली सगळी दौलत देऊन बसली.

गुरुवार, १६ ऑक्टोबर. सकाळी.
खोलीच्या दाराजवळच्या कोपऱ्यात माझी चूल. खडूने रेघ मारली. रेघेच्या ह्या बाजूला सोनहंस, त्या बाजूला भांडार. स्टोव्ह घेतला (शेठकडून शंभर रुपये उचल). टोप, तवा, उलथणे घेतले.

रॉकेलचा विचार राहून गेला होता. रेशन कार्ड दादाच्या नावावर, त्यामुळे रॉकेल त्यांचे. मी विचारले तर वहिनी म्हणाली, कार्डात तुमचा नाव आसा, पण चूल नाय. सोनूबाईकडून अर्धी बाटली उसनी घेतली.

पहिला चहा डब्यातला. काय सांगू. स्वतःच्या चुलीवरचा, अस्सल सोनहंस. रेघेपलीकडे मोठ्याने फुर्र करून प्यायलो.

शनिवार, १८ ऑक्टोबर.
भात करपला. वरण कच्चे. ह्यात मालाचा दोष नाही, स्टोव्हच्या वातीचा आहे. बाहेर उसळ-पाव खाल्ला.

रात्री घरी आलो तर माझ्या जेवायच्या जागेवर, भिंतीला टेकून, एक इसम जेवत होता. बाळा म्हणून वहिनीच्या माहेरच्या गावचा आहे, मानखुर्दला गॅरेजात फिटर. पाहुणा असावा. बोटे चाटून आमटी खात होता. मला म्हणाला, येवा, जेवतास? मी म्हटले, माझी सोय आहे. आणि वास येऊ नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसलो.

मंगळवार, २१ ऑक्टोबर.
पाहुणा अजून येतो आहे. आज त्याने एक मित्रही आणला. किती पाहुणचार करायचा ह्याला काही मर्यादा असते. भांडारच्या मालावर परवडत असेल.

रॉकेल काळ्या बाजारात घेतले. विकणारा म्हणाला, कार्ड नसलं की हाच भाव, घे नाहीतर चल. पब्लिकची लूट.

मी अशक्त झालो आहे असे सोनूबाई म्हणाली. मी म्हटले, शुद्ध अन्नाने शरीर आधी हलके होते. ती म्हणाली, हलके कसले रे, पँट धरून चालतोस.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर. रात्री.
आज कळले. बाळा पाहुणा नाही. गिऱ्हाईक आहे.

वहिनीने खाणावळ घातली आहे! बाळा आणि त्याचा मित्र, दोघांचे महिन्याला प्रत्येकी पावणेदोनशे. माझी जागा रिकामी झाली म्हणून घातली, असे सोनूबाई म्हणते. म्हणजे माझ्या दीडशेच्या जागी तिला साडेतीनशे मिळतात. माझ्यामुळे! आणि आभाराचा एक शब्द नाही.

बाळाला सावध करणे माझे कर्तव्य होते. जिन्यात गाठले आणि सांगितले की ती आमटी, ते पिठले, सर्व भांडारछाप आहे. तो म्हणाला, माका काय, त्या भांडाराशी लगीन करूचा आसा काय? तुमच्या वहिनीच्या हाताक चव आसा. अडाणी माणूस. ह्याच्या जिवावर असली दुकाने चालतात.

डब्यातला चहा संपत आला आहे. तळाचे दोन चमचे नमुना म्हणून बाजूला ठेवले. उद्या नवीन पाकीट फोडायचे. शेठने कर्मचारी म्हणून सूट दिली नाही. पूर्ण भावाने घेतले. चालेल. अस्सल चीज आहे.

रविवार, २६ ऑक्टोबर. सकाळी.
घात!
नवीन पाकिटातला चहा बेचव. उग्र. घशाला लागतो. डब्यातल्या चहाशी काडीचाही संबंध नाही. तीन वेळा करून पाहिला. पहिली तीच शंका आली जी कोणाही विचारी माणसाला येईल: शेठ माल बदलतो. पाकिटे फोडून आत भेसळ करतो. म्हणून सूट देत नव्हता!

रात्रभर तक्रार लिहिली. एकही शब्द खोडला नाही. कंपनीच्या मोठ्या ऑफिसला पाठवणार. पण आधी शेठला तोंडावर सांगायचे. आपण न्यायाने वागतो.

सोमवार, २७ ऑक्टोबर.
शेठसमोर दोन पुड्या ठेवल्या. म्हटले, एक तुमचे आजचे पाकीट, एक घरचा जुना अस्सल सोनहंस. नाकाने सांगा, भेसळ कशात आहे.

शेठने दोन्ही चिमटीत घेतल्या, तळहातावर चोळल्या. मग हात झटकले. म्हणाले, चंदू, ही पाकीटवाली कंपनीची चाय हाय. आणि ही तुझी अस्सल, ही तर भांडारची भुकटी हाय. आमच्या घरी नोकरासाठी हीच येते. तू कंपनीला शिकवते?

गोडाऊनमधले सगळे हसले. हमाल पण. दिवाळीचे बक्षीस सर्वांना मिळेल, तक्रारदाराला नाही, असे शेठ म्हणाले. उचल पगारातून कापणार तेही म्हणाले.

घरी येऊन वहिनीला जाब विचारला. डब्यात भांडारचा चहा कधी घातलास?
ती चकल्यांची भाजणी चाळत होती. मान वर न करता म्हणाली, त्या डब्यात कंपनीचा चाय होता खय कधी? माझ्या लग्नात मामान दिलेलो डबो तो. एकदा संपलो, मग धुवून ठेवलंय. जा होयां ता भरूचा. पाहुण्यांका हंस बघून बरा वाटता.

वनस्पतीचा? तोही. पावडरचा? तोही.

सोनूबाई दारात होतीच. म्हणाली, अरे ह्या वाडीत कुणाच्या घरात नाही तो हंस? माझ्याकडे दोन आहेत. एकात शेवया ठेवते. तुझ्याकडे कोण चहा प्यायला आलं की डबा दाखवायचा असतो रे, प्यायचा नसतो. एवढं कळायला काय मॅट्रिक लागते?

मॅट्रिक काढायचे कारण नव्हते. गणित सोडून माझे सर्व विषय सुटलेले आहेत.

मंगळवार, २८ ऑक्टोबर.
शांतपणे विचार केला. माझ्या टेस्टमध्ये चूक नव्हती. डबा आणि पुडी ह्यांत फरक होता हे मी जिभेने अनुभवले आहे. दोन्हींत भांडारचाच चहा होता म्हणता, मग फरक कशाचा? उत्तर स्पष्ट आहे: पत्र्याचा. सोनहंसचा पत्राच इतका उच्च दर्जाचा की भांडारची भुकटीसुद्धा त्यात राहून सुधारते. म्हणजे मी बरोबरच होतो.

पाकिटातला चहा डब्यात ओतून ठेवला आहे. मुरायला वेळ लागेल.
स्टोव्ह भडकला. डावी भुवई गेली.

शनिवार, १ नोव्हेंबर. पहिली अंघोळ.
पहाटे वहिनीने दादाला उटणे लावले. रेघेअलीकडे कोणी आले नाही. मी स्वतःच लावले. सोनहंसचे उटणे निघत नाही, म्हणून पावडर लावली. अंधारात हात डब्यात गेला, त्यामुळे ती भांडारची निघाली. अंग खाजते आहे.

त्यानंतर फराळ. बाळा, त्याचा मित्र, दादा, पाटावर रांगेत. चकली मोडल्याचा आवाज खोलीभर. वहिनीने एक ताट रेघेपाशी आणून ठेवले. चकल्या चार, बेसनाचे लाडू दोन, चिवडा. मी म्हटले, भांडारच्या बेसनाचे मी खात नाही. तत्त्व आहे. दादा म्हणाला, अरे घे रे, सणाचा दिवस. मी भिंतीकडे बघितले. मला वाटले, आग्रह करतील. दोनदा तरी करतात. पहिल्यांदा नाही म्हणायचेच असते.

वहिनी ताट उचलून घेऊन गेली. बाळाने विचारले, त्येंका नको तर मी घेव काय?

दुपारी बेकरीतून टोस्ट आणले. घरभर तळणीचा वास. ह्याला अन्याय म्हणतात.

सोमवार, ३ नोव्हेंबर. संध्याकाळी ७ वाजून २० मिनिटे. खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसत होतो.
पूर्ण विचारान्ती, एकोपा राखण्यासाठी, आणि माझा मुद्दा सर्वांना पटलेलाच असल्यामुळे, वेगळी चूल बंद करीत आहे. दादाला सांगितले. दादा म्हणाला, मला काय सांगतोस, जेवण ती करते.

वहिनीला सांगितले. मालाबद्दल मी काही बोलणार नाही असे आपण होऊन कबूल केले. तिने ऐकून घेतले. म्हणाली, ठीक आहे. पण पहिल्या पंगतीला जागा नाही, बाळा आणि त्याचा मित्र लवकर येतात. तुम्ही दुसऱ्या पंगतीला बसा. महिन्याचे पैसे पाच तारखेच्या आत.
सगळे शुद्ध मराठीत.

ताळेबंद, १६ ऑक्टोबर ते आज:
स्टोव्ह ४५. टोप, तवा, उलथणे ३३. रॉकेल (काळाबाजार) २०. सोनहंस चहा १२. सोनहंस वनस्पती १३. सोनहंस पावडर ११. तांदूळ-डाळ ४१. बाहेरचे खाणे ४८. एकूण खर्च रुपये २२३.

देणे: शेठ, उचल, १००. सोनूबाई, रॉकेल अर्धी बाटली, वस्तूने परत करायची आहे (रोज विचारते). वहिनी, नोव्हेंबरचे जेवण, १७५.

शेवटच्या रकमेबद्दल बोललो. म्हटले, बाळाला पावणेदोनशे ठीक आहे, मी घरचा माणूस आहे, काही सूट? वहिनी म्हणाली, घरच्या माणसाचा भाव दीडशेच होता.